तीन वर्षं खपून बनवलेला गेम लाँचच्या दिवशी कुणालाच का दिसत नाही?

समजा, कराडच्या विद्यानगरात भाड्याच्या खोलीत दोन मित्र राहतात. इंजिनिअरिंग झालंय. एक जण कोड लिहितो, दुसरा चित्रं काढतो. तीन वर्षं रात्री जागून त्यांनी कॉम्प्युटरवर खेळायचा एक गेम बनवलाय. गोष्ट अशी की एक मुलगी होडीत बसून वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने पुरात वाहून गेलेलं आपलं घर शोधत निघते. घाट, देवळं, उसाचे फड, आयर्विन पूल, सगळं हाताने काढलेलं.

शुक्रवारी संध्याकाळी ते स्टीमवर 'रिलीज'चं बटण दाबतात. व्हॉट्सॲपला स्टेटस पडतं. गावच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, कुणीतरी हार घातलेला फोटो टाकतं. इन्स्टाग्रामच्या रीलला दहा हजार व्ह्यूज मिळतात. आणि शनिवारी सकाळी विक्रीचा आकडा बघितला तर नऊ. त्यातले दोघं मामेभाऊ.

हे दोघं काल्पनिक आहेत, पण त्यांची शनिवार सकाळ काल्पनिक नाही. स्टीम हे कॉम्प्युटर गेम विकणारं जगातलं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथे २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे दिवसाला साधारण पन्नास. यातल्या बहुतेकांकडे जाहिरातीसाठी पैसा नसतो, मोठी कंपनी पाठीशी नसते. अशा स्वतःच्या हिमतीवर बनवलेल्या गेमला 'इंडी गेम' म्हणतात. यातले बरेचसे गेम वाईट असतात म्हणून पडत नाहीत, ते दिसतच नाहीत.

आता प्रश्न असा की दहा हजार लोकांनी रील बघितलं, तर गेम नऊच लोकांनी का घेतला?

आडसाली उसाचं गणित

साताऱ्या-सांगलीतल्या माणसाला हे उसावरून पटकन कळेल. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा, सोळा-अठरा महिने सांभाळायचा, मग तोड येते. तोड आल्यावर शेतात कितीही खत टाका, वजन वाढत नाही. गेमचा लाँच ही तोड आहे. पण पहिल्यांदा गेम बनवणारे बहुतेक जण तिलाच लागण समजतात आणि त्या दिवशी प्रचाराला सुरुवात करतात.

स्टीमवर ही लागण होते 'विशलिस्ट'मध्ये. गेम अजून आलेला नसतो, पण त्याचं पान दुकानात लागलेलं असतं. 'लवकरच येत आहे' अशी पाटी, ट्रेलर, पाच-सहा चित्रं, थोडी माहिती. ज्याला आवडलं तो विशलिस्टचं बटण दाबतो. पैसे लागत नाहीत. मग गेम ज्या दिवशी येतो त्या दिवशी स्टीम स्वतःहून त्या सगळ्यांना ईमेल पाठवतं, की तुम्ही वाट बघत होता तो गेम आला.

ही झाली एक गोष्ट. दुसरी त्याहून मोठी. स्टीमच्या पहिल्या पानावर 'लोकप्रिय आगामी' गेमची एक यादी असते. लाँचच्या आधीच्या दिवसांत त्या यादीत नाव लागलं तर जगभरातल्या अनोळखी गिऱ्हाइकांच्या नजरेला गेम पडतो. तिथे जाण्यासाठी किती विशलिस्ट लागतात हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जाहीर केलेलं नाही. गेम बनवणाऱ्यांमध्ये अंदाजाने सात हजारांचा आकडा बोलला जातो. त्याच्या खाली राहिलं की पहिल्या पानाचं दार बहुधा उघडत नाही.

लाँच झाल्यावरही दुकान बघतं ते विक्रीकडेच. सुरुवातीच्या तासांत, दिवसांत गेम खपतोय असं दिसलं की ते त्याला आणखी लोकांसमोर नेतं. खपत नसेल तर त्याची जागा दुसऱ्या दिवशीच्या पन्नास गेमना जाते. शुक्रवारी आलेला गेम सोमवारपर्यंत जुना झालेला असतो.

म्हणजे रीलला लाइक आणि गेमला विशलिस्ट, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाइक इन्स्टाग्रामच्या हिशेबात जमा होते. स्टीमला तिचा पत्ताही नसतो. आपल्या भागातल्या एखाद्या पोराने गेम बनवलाय आणि त्याला खरंच मदत करायची असेल, तर शंभर जणांनी पोस्ट शेअर करण्यापेक्षा रोज गेम खेळणाऱ्या दहा जणांनी विशलिस्टचं बटण दाबणं जास्त कामाचं.

पंधरा दिवसांचा नियम आणि त्यातली मेख

स्टीमवर गेम ठेवायला एका गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. २०१७ पासून ही पद्धत आहे. गेमची हजार डॉलरची विक्री झाली की ते शंभर डॉलर परत मिळतात. पहिल्यांदा गेम आणणाऱ्याला पैसे भरल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि 'लवकरच येत आहे'चं पान लाँचच्या आधी किमान दोन आठवडे लोकांना दिसलं पाहिजे.

मेख या 'किमान'मध्ये आहे. नवशिका माणूस वाचतो की दोन आठवडे पुरे. मुरलेला माणूस सहा महिने, वर्ष आधी पान लावतो. कारण विशलिस्ट रोज थोड्या थोड्या येतात आणि वर्षभरात साठतात.

साठवायच्या तरी कशा? यावर उपदेश भरपूर मिळतो. पण पुण्यात घडलेली एक गोष्ट त्यापेक्षा जास्त सांगून जाते.

पुण्याच्या 'राजी'ची गोष्ट

२०१७ मध्ये पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ सुरू झाला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे त्याचे संस्थापक. त्यांना भारतीय पुराणकथांवर गेम बनवायचा होता, 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला शस्त्र देते आणि ती भावाच्या शोधात निघते. राजस्थानी वाडे-किल्ल्यांसारखी दृश्यं, पहाडी चित्रशैलीची छाप, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेल्या.

पैसे उभे करायला त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे वर्गणी मागितली. उद्दिष्ट होतं १ लाख २० हजार पौंड. ते गाठता आलं नाही. किकस्टार्टरचा नियम कडक आहे, उद्दिष्ट पूर्ण झालं नाही तर जमलेल्यातला एक रुपयाही मिळत नाही. साध्या हिशेबाने गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण त्या मोहिमेसाठी त्यांनी ट्रेलर केला होता, लोकांना खेळून बघता येईल असा डेमो केला होता. पैसे आले नाहीत, तरी गेम जगभरातल्या गेम पत्रकारांच्या नजरेत राहिला. 'भारतातला तो सुंदर दिसणारा गेम' एवढी ओळख उरली. पुढे एपिक गेम्स या मोठ्या कंपनीचं अनुदान मिळालं. मग प्रकाशक मिळाला.

१८ ऑगस्ट २०२०. लॉकडाउनचे दिवस. निंटेंडो कंपनीने छोट्या स्टुडिओंचे गेम दाखवणारा आपला ऑनलाइन कार्यक्रम केला. त्यात राजी दाखवली आणि सांगितलं की गेम आजच विकत घेता येईल. आधी तारीख नाही, गाजावाजा नाही, जाहीर आणि लाँच एकाच दिवशी. दोन महिन्यांनी, १५ ऑक्टोबरला, गेम कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जगातल्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला.

अचानक लाँच करण्याची ही युक्ती कराडच्या दोघांनी वापरायची म्हटलं तर? वापरता येणार नाही. निंटेंडोच्या मंचावर लाखो गिऱ्हाइकं आधीच बसलेली होती. ज्याच्याकडे असा मंच नाही त्याने अचानक गेम आणणं म्हणजे माळावर एकट्याने तुतारी वाजवणं.

राजीकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. एक चित्र बघितलं तरी हा गेम दुसऱ्या कुठल्याही गेमसारखा नाही हे कळतं. इंडी गेमच्या प्रचारात ही अर्धी लढाई. बंदूक घेतलेला सैनिक दाखवाल तर हजार गेममध्ये हरवाल. वाईच्या गणपती घाटावर होडी लावणारी मुलगी, सप्टेंबरातल्या कासच्या फुलांतून जाणारी वाट, पुराच्या पाण्यात अर्धं बुडालेलं देऊळ, हे अमेरिकेतल्या खेळाडूने याआधी बघितलेलं नसतं. पंधरा सेकंदांच्या क्लिपमध्ये अंगठा थांबवायला तेवढं पुरतं.

अर्थात दिसणं म्हणजे सगळं नाही. राजीच्या चित्रांचं कौतुक झालं, पण लढाईचा भाग कच्चा आहे आणि गेम लवकर संपतो अशी टीकाही झाली. २०२२ मध्ये स्टुडिओने सुधारित आवृत्ती आणली आणि तिच्यात हिंदी आवाज घातले.

घरच्या लोकांचं काय करायचं?

सातारा, सांगली भागातली अडचण अशी, की गेम खेळणारे पुष्कळ आहेत पण मोबाइलवर. बीजीएमआय आणि फ्री फायर ही नावं गल्लीतल्या पोरांना माहीत असतात, स्टीम कितीकांना? त्यामुळे गावच्या ग्रुपवरचं कौतुक खरं असलं तरी ते गिऱ्हाईक नव्हे. 'सकाळ' किंवा 'पुढारी'त बातमी आली तर आईवडिलांना बरं वाटतं, लोकांनी तीन वर्षं विचारलेल्या 'पोरगं करतं काय?' या प्रश्नाला उत्तर मिळतं. पण त्या कात्रणातून विशलिस्ट येत नाहीत.

गेम मोबाइलचा असेल तर मात्र हीच माणसं कामाची. गुगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या नव्या वैयक्तिक खात्यांना एक अट आहे. गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी तो सलग १४ दिवस चाचणीसाठी घेतलेला असावा लागतो. ही बारा माणसं कुठून आणायची, यावर जगभरातले एकटे डेव्हलपर डोकं धरून बसलेत. दोन्ही मामेभाऊ, त्यांचे मित्र आणि कॉलेजचा जुना वर्ग असेल तर संध्याकाळपर्यंत जमतात.

आश्रय नसताना अनोळखी लोकांकडून तिकिटाचे पैसे कसे घ्यायचे, हा प्रश्न सांगलीला तसा नवा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या राजाश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रय संपला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. गिऱ्हाईक जिथे होतं तिथे ते गेले. कराडच्या दोघांचं गिऱ्हाईक स्टीमवर आहे, म्हणजे प्रवास तेवढा वाचला.

अलीकडचं उदाहरण हवं तर सातारा जिल्ह्यातल्या 'गावाकडच्या गोष्टी' या वेब सीरिजचं घ्या. यूट्यूबवर एकेका भागाने प्रेक्षक जमत गेला. एखादा भाग फसला तर पुढच्या भागात सावरता आलं. गेमला ही सोय नसते, तो एकदाच येतो. म्हणूनच गेम बनवणारे डेमोकडे वळतात.

डेमो, तारीख आणि फसवे ईमेल

स्टीमवर वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, 'नेक्स्ट फेस्ट' नावाची जत्रा भरते. न आलेल्या गेमचे डेमो तिथे आठवडाभर फुकट खेळता येतात. यात्रेत पाल लावल्यासारखंच ते. पण एका गेमला इथे एकदाच पाल लावता येतं. त्यामुळे अर्धाकच्चा डेमो घेऊन घाईने जाणं महागात पडतं. लाँचच्या आधीची जी शेवटची जत्रा असेल ती धरावी, आणि जाताना थोड्याफार विशलिस्ट गाठीशी असाव्यात, असं मुरलेले लोक सांगतात. जत्रेतही गर्दी तिथेच जाते जिथे आधीच गर्दी आहे.

तारखेचं म्हणाल तर २०२५ मध्ये मोठी गंमत झाली. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' या गेमची लोक अनेक वर्षं वाट बघत होते. २१ ऑगस्टला जाहीर झालं की तो ४ सप्टेंबरला येणार. बस, त्या आठवड्यात येणाऱ्या छोट्या स्टुडिओंची पळापळ झाली. 'क्लोव्हरपिट' सप्टेंबरअखेरीस गेला, 'डेमनस्कूल' थेट नोव्हेंबरमध्ये. शेजारच्या गावात बैलगाडा शर्यत असताना आपल्या गावात कुस्त्यांचा फड कुणी ठेवत नाही, तसंच हे. सिल्कसाँग आला त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गर्दीने स्टीमच कोलमडलं.

मग राहिले यूट्यूबर आणि स्ट्रीमर. त्यांची ताकद किती, तर 'अमंग अस' २०१८ मध्ये आला तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. २०२० मध्ये लोक घरात बसलेले असताना स्ट्रीमर तो खेळायला लागले आणि जगभर त्याचं वेड पसरलं. म्हणून छोटे डेव्हलपर स्ट्रीमरना गेमचे मोफत कोड पाठवतात. कोटी सबस्क्रायबरवाल्याला पाठवून बहुधा उत्तर येत नाही. आपल्यासारखेच गेम नेहमी खेळणारा, वीस-तीस हजारांचा चॅनल चालवणारा माणूस ईमेल उघडतो.

इथे एक धोका आहे. गेमचं पान दिसलं की डेव्हलपरच्या इनबॉक्समध्ये ईमेल यायला लागतात, 'मी अमुक चॅनलवाला, चार कोड पाठवा'. नाव खऱ्या यूट्यूबरचं, पत्ता एका अक्षराने वेगळा. कोड मिळाले की ते दुसऱ्या साइटवर स्वस्तात विकले जातात. चॅनलच्या माहितीत दिलेला पत्ता आणि आलेल्या ईमेलचा पत्ता जुळवून बघणं हा त्यावरचा साधा उपाय.

पैसे देऊन व्हिडिओ करून घ्यायचा असेल तर तो जाहिरात आहे हे सांगणं भारतात बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ मध्ये आले, ग्राहक व्यवहार मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२३ मध्ये. एखादा रीलवाला नव्या गेमचं तोंड भरून कौतुक करत असेल तर कोपऱ्यात 'जाहिरात' किंवा 'पेड पार्टनरशिप' लिहिलंय का, हे बघून घ्यावं.

बटण दाबल्यानंतर

लाँच झाला की नजर जाते रिव्ह्यूकडे. स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला 'चांगला' की 'वाईट' असा शेरा मिळत नाही, आणि शेरा नसलेला गेम घ्यायला लोक कचरतात. मोफत कोडवर गेम मिळालेल्याचा रिव्ह्यू या हिशेबात धरत नाहीत, २०१६ पासून तसा नियम आहे. बक्षीस देऊन रिव्ह्यू घेणंही चालत नाही. म्हणजे स्वतःच्या पैशाने विकत घेऊन, खेळून, दोन ओळी लिहिणारे पहिले दहा अनोळखी लोक हवेत. टीका असली तरी चालेल, पण खरी हवी.

दोन तासांच्या आत खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करून पैसे मागता येतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सोय चांगलीच. पण गेमच दीड तासात संपणारा असेल तर? २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टी एट' नावाचा भयगेम बनवणाऱ्या एकट्या डेव्हलपरने हीच तक्रार जाहीरपणे केली. लोक गेम पूर्ण खेळतात, चांगला रिव्ह्यू लिहितात आणि पैसे परत घेतात. आपण काम थांबवतोय असंही त्याने सांगितलं.

पैशाचा हिशेबही एकदा बघावा. दहा डॉलरच्या गेमच्या हजार प्रती गेल्या तर दहा हजार डॉलर दिसतात. त्यातले ३० टक्के स्टीमचे, उरले सात हजार. त्यातून परत केलेले पैसे, वेगवेगळ्या देशांचे कर, लाँचची सूट वजा होते. भारतासारख्या देशात गेमची किंमतही कमी ठेवलेली असते, त्यामुळे इथल्या प्रतीचे दहा डॉलर येतच नाहीत. जे उरतं ते पुढच्या महिन्याच्या अखेरीस बँकेत जमा होतं. दोघांच्या तीन वर्षांच्या रात्री त्यात मोजायच्या.

आणि ज्यांनी विशलिस्टमध्ये टाकून लाँचला गेम घेतला नाही, ते कुठे जात नाहीत. गेमवर २० टक्के किंवा जास्त सूट लागली की स्टीम त्यांना पुन्हा ईमेल पाठवतं. लाँचची सूट संपल्यावर मात्र पुढची सूट ३० दिवस देता येत नाही. म्हणून लाँचनंतरच्या सोमवारी कराडच्या खोलीत दोन कामं निघतात. होडी एका पुलाखाली अडकते अशी तक्रार आलीय ती दुरुस्त करायची, आणि कॅलेंडर काढून पुढच्या सेलपर्यंतचे दिवस मोजायचे.